ब्रिटनमध्ये जनसंपर्क विषयात एमए : पात्रता, कागदपत्रे आणि व्हिसा

ब्रिटनमधील जनसंपर्क विषयाचा पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणपणे एका वर्षाचा असतो आणि बहुतेक ठिकाणी तो सप्टेंबरमध्ये सुरू होतो. पहिल्या पदवीचे प्रवेश अर्ज तिथे यूकॅस या केंद्रीय संस्थेमार्फत जातात; एमएचा अर्ज मात्र बहुधा प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळा भरावा लागतो. म्हणजे तीन विद्यापीठे निवडली, तर तिघांच्या अटी आणि मुदती स्वतंत्रपणे सांभाळाव्या लागतात. निवड करताना अभ्यासक्रमाला चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक रिलेशन्सची मान्यता आहे का, हे अवश्य पाहावे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००५ मध्ये शाही सनद मिळालेल्या या व्यावसायिक संस्थेची मान्यता प्रवेशासाठी आवश्यक नसली, तरी अभ्यासक्रम प्रत्यक्ष कामाशी किती जोडलेला आहे याची ती चांगली खूण आहे.

पात्रतेसाठी पदवी कोणत्याही शाखेची चालते, असे अनेक विद्यापीठे स्पष्टपणे सांगतात. इंग्लंडमधील पदवीही बहुधा तीन वर्षांचीच असल्याने आपली तीन वर्षांची पदवी सहसा अडचणीची ठरत नाही, पण किमान गुणांची अट विद्यापीठागणिक बदलते. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण ६.५ गुणांची अपेक्षा सर्रास आढळते, आणि या परीक्षेचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो. पासपोर्ट, गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र, एक किंवा दोन शिफारसपत्रे, स्वपरिचय (सीव्ही) आणि पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा आहे हे सांगणारे निवेदन, ही नेहमीची कागदपत्रे होत. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत प्रमाणित भाषांतर जोडावे लागते.

यांपैकी सर्वाधिक वेळ पर्सनल स्टेटमेंटला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. जो विषयच नेमक्या शब्दांत सांगण्याचा आहे, त्याच्या अर्जात ‘मला लोकांशी संवाद साधायला आवडते’ यासारखे कोणालाही लिहिता येणारे वाक्य वाचणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही. त्याऐवजी एखादे लहान काम जवळून दाखवावे. समजा, महाविद्यालयातील रक्तदान शिबिराचे प्रसिद्धीपत्रक तुम्ही लिहिले, पहिल्या मसुद्यात शिबिराची वेळ तिसऱ्या परिच्छेदात गेली होती, आणि ती पहिल्या ओळीत आणल्यावरच वृत्तपत्राने ते छापले, तर एवढ्या तपशिलावरून तुम्हाला या कामाची समज किती आहे हे कळते. पुढे काय शिकायचे आहे आणि त्यासाठी हाच अभ्यासक्रम का, हेही त्यातील विषयांची नावे घेऊन लिहावे.

प्रवेश निश्चित होऊन विद्यापीठाच्या अटी आणि मागितली असल्यास अनामत रक्कम पूर्ण झाली, की विद्यापीठ ‘कॅस’ नावाचा, प्रवेशाची खात्री देणारा क्रमांक देते. त्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करता येत नाही. परदेशातून हा अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. व्हिसासाठी ७० गुण लागतात : ५० प्रवेशाचे, १० आर्थिक तयारीचे आणि १० इंग्रजीचे.

यातले आर्थिक तयारीचे १० गुण सर्वांत काळजीने मिळवावे लागतात. पहिल्या वर्षाचे उरलेले शुल्क आणि कमाल नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वीच्या ३१ दिवसांच्या आत यावा लागतो. सव्विसाव्या दिवशी काही कारणाने पैसे काढले आणि शिल्लक आवश्यक रकमेच्या खाली गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. खाते स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या नावावर असावे. आईवडिलांचे असल्यास जन्मदाखला आणि त्यांचे संमतीपत्र जोडावे लागते. काका-मामांच्या खात्यातील शिल्लक किंवा शेअरमधील गुंतवणूक यासाठी धरली जात नाही. लंडनमध्ये शिकणाऱ्यांसाठी खर्चाचा दर अधिक आहे.

राहण्याचा काळ सहा महिन्यांहून अधिक असल्याने भारतासह काही देशांतील अर्जदारांना मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र लागते. तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो व्हिसाच्या संपूर्ण कालावधीसाठी अर्जासोबतच भरावा लागतो. १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अशा एमए अभ्यासक्रमांसाठी जोडीदाराला किंवा मुलांना अवलंबित म्हणून नेता येत नाही.

अभ्यासाबरोबर काम करण्याचा नियम जनसंपर्काच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, परंतु स्वयंरोजगाराला मनाई आहे. एखाद्या ग्राहकासाठी स्वतंत्रपणे पैसे घेऊन प्रसिद्धीपत्रके लिहिणे किंवा त्याची समाजमाध्यमे सांभाळणे हे या क्षेत्रात सहज घडणारे काम आहे, पण विद्यार्थी व्हिसावर ते करता येत नाही. उन्हाळ्यात प्रबंध लिहिण्याचा काळही एमएसाठी सहसा सत्रातच मोजला जातो.

अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्यानंतर, विद्यार्थी व्हिसा संपण्यापूर्वी आणि ब्रिटनमध्ये असतानाच ग्रॅज्युएट व्हिसाचा, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या व्हिसाचा, अर्ज करावा लागतो. एमएधारकांसाठी त्याची मुदत दोन वर्षांची आहे. १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ती १८ महिन्यांवर येणार आहे. या व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी असल्याने स्वतंत्र ग्राहक घेण्याचा विचार तेव्हाच करावा.