पार्श्वभूमी : अडखळत बोलणारे मूल आणि आईवडिलांची उपचारातली जागा

अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या उपचारात आज आईवडिलांना पहिल्या भेटीपासून सामील करून घेतले जाते. मात्र एके काळी या दुखण्याचे मूळच त्यांच्यात शोधले जात होते.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे वाचाविकारांचे अभ्यासक वेंडेल जॉन्सन स्वतः अडखळत बोलत. बोलायला शिकणारी सगळीच मुले थोडीफार अडखळतात, पण पालक त्याला दोष ठरवतात, मूल धास्तावते आणि त्यातून खरा तोतरेपणा जडतो, असे त्यांनी १९४० च्या दशकात मांडले. मुलावरचा ताण कमी व्हावा हीच त्यांची तळमळ होती, हे मान्य केले पाहिजे. प्रत्यक्षात मात्र पालकांच्या पदरी एवढेच पडले की मुलाच्या अडखळण्याकडे लक्ष देऊ नका, त्याच्यासमोर तो विषयही काढू नका. पोर एकाच अक्षरावर अडून धडपडत असताना चेहऱ्यावर काही न दाखवता बसून राहायचे आणि वर दोषही आपल्याच माथी घ्यायचा, हे कित्येक आयांनी सोसले.

या समजुतीला पहिला मोठा तडा एका बाहुलीने दिला. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक बोलकी बाहुली दोन लहान मुलांशी गप्पा मारत असे. मूल अडखळले की तिच्यावरचा दिवा दहा सेकंद विझे आणि ती गप्प होई. अडखळण्याकडे असे थेट लक्ष वेधूनही ते वाढले नाही, उलट कमी झाले.

१९८० च्या दशकात सिडनीमध्ये मार्क ऑन्स्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिडकॉम्ब उपचारपद्धती विकसित केली, तेव्हा हाच धागा पुढे नेला. फक्त दिवा विझवण्याची जागा कौतुकाने घेतली आणि उपचार घरी पालकांच्या हाती आला. चित्रांचे पुस्तक चाळताना मूल न अडखळता एखादे वाक्य बोलले की आई ‘किती छान, सलग बोललास’ म्हणते. अडखळल्याचा उल्लेख क्वचितच, तोही हळुवारपणे करते, आणि दिवसाअखेर त्या दिवसाच्या बोलण्याला गुण देऊन ठेवते. सहा वर्षांखालील मुलांसाठीची ही पद्धत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत परिणामकारक ठरली. लंडनमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या, तोतरेपणावर उपचार करणाऱ्या मायकेल पॅलिन केंद्राने वेगळी वाट धरली. तिथे पालक आपल्याच खेळाचे चित्रीकरण पाहतात आणि आपण कुठे थांबलो, कुठे मुलाला पुरता वेळ दिला, हे स्वतःच हेरतात. पुढे नेदरलँड्समध्ये १९९ मुलांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिडकॉम्बची तुलना मुलावरचा बोलण्याचा भार हलका करणाऱ्या पद्धतीशी केली गेली, तेव्हा दीड वर्षानंतर दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. पालकांचा सहभाग दोन्ही पद्धतींत होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

दरम्यान २०१० मध्ये तोतरेपणाशी संबंधित जनुकीय बदल सापडले आणि पालकांच्या वागण्यामुळे तो जडतो, या जुन्या आरोपाचा आधार आणखी ढासळला. तरीही ‘आमचे काय चुकले?’ हा प्रश्न घेऊन आईवडील आजही वाचा-उपचारतज्ज्ञांकडे येतात, आणि त्याचे स्पष्ट उत्तर मिळाल्याखेरीज त्यांना घरच्या सरावात मोकळेपणाने उतरता येत नाही.