नेट उशिरा लागतं, की लागलेलं नेट सावकाश चालतं?

कॉम्प्युटर चालू केला की पहिली चार-पाच मिनिटं नेट मिळत नाही, ही तक्रार बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या झेरॉक्स सेंटरपासून निपाणीच्या पतसंस्थेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ‘नेट येईना झालंय बघा’ एवढंच माणूस सांगतो, पण त्यामागे दोन अगदी वेगळे बिघाड असतात. एकात जोडणीच उशिरा होते. दुसऱ्यात जोडणी वेळेवर होते, पण लगेच तिच्यावर गर्दी उसळते. जमिनीचा उतारा काढायला गेल्यावर खिडकीच उघडलेली नसणं आणि खिडकी उघडी असून समोर लांब रांग असणं, एवढा हा फरक आहे. पडद्यावर मात्र दोन्ही वेळा तेच गोल चक्र फिरत राहतं.

फरक ओळखायची गरज एवढ्यासाठी, की फोन केल्यावर बहुतेक वेळा ‘मोठा प्लॅन घ्या’ असा सल्ला मिळतो. पहिल्या बिघाडावर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. पन्नास एमबीपीएसचा प्लॅन तीनशेचा केला, तरी वाट बघण्याचा वेळ तेवढाच राहतो. लहान केंद्र चालवणाऱ्या माणसाचे पैसे असे दर महिन्याला वाया जावेत, हे मला अजिबात पटत नाही.

आधी उशिरा लागणाऱ्या नेटकडे बघू, कारण आपल्या भागात तोच प्रकार जास्त असतो आणि त्यालाच सगळे ‘स्लो नेट’ म्हणतात.

कॉम्प्युटर चालू झाला की तो राउटरकडे स्वतःसाठी आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला ओळखीचा आकडा, मागतो. दोघांत चार छोटे निरोप जातात-येतात, आणि सगळं ठीक असेल तर हे काम दोन-तीन सेकंदांत उरकतं. राउटरकडून उत्तरच आलं नाही, तर विंडोज काही वेळ वाट बघून स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसते. या पत्त्यावर इंटरनेट चालत नाही. पुढे दर पाच मिनिटांनी ती राउटरला पुन्हा विचारत राहते. म्हणून नेट ‘आपोआप’ सुरू झाल्यासारखं वाटतं आणि माणूस समजतो, सकाळी लाइन मंद असते.

राउटर उत्तर का देत नाही? जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते तिथल्या लोकांना सांगायला नको. लाईट परत आली की कॉम्प्युटर, राउटर आणि फायबरचा डबा (बाहेरून आलेली फायबरची तार ज्यात जाते तो) तिघेही एकदमच उठतात. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, असलेला कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात तयार होतो, राउटरला त्याहून जास्त वेळ लागतो. फायबरच्या डब्याला मात्र पलीकडच्या यंत्राशी ओळख पटवायला वेळ लागतो, तोवर त्याच्यावरचा ‘पॉन’ लिहिलेला दिवा लुकलुकत असतो. त्यानंतर राउटरचं लॉगिन व्हायचं असतं. वायफाय पाच गिगाहर्ट्झ बँडमधल्या, रडारही वापरतं अशा चॅनलवर ठेवलं असेल, तर त्या चॅनलवर रडार नाही ना, हे राउटरला आधी किमान साठ सेकंद ऐकावं लागतं. तेवढा वेळ त्या बँडचं वायफाय यादीत दिसतच नाही.

इथे एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. कॉम्प्युटरची केबल थेट राउटरला असेल, तर राउटर उठताना केबलचा संपर्क तुटून पुन्हा जुळतो. कॉम्प्युटरला ते कळतं आणि तो लगेच पत्ता मागतो. पण मध्ये आठ पोर्टचा छोटा स्विच (एक जोडणी अनेक मशीनना वाटणारा डबा) बसवलेला असेल, तर स्विचचा दिवा कायम हिरवा राहतो. राउटर आत्ताच उठलाय हे कॉम्प्युटरला कळायचा मार्ग नसतो, म्हणून तो पाच मिनिटांची पाळी येईपर्यंत गप्प बसतो. तीन-चार मशीनच्या केंद्रात नेमका असाच स्विच असतो. अशा वेळी केबल काढून परत लावली, किंवा काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ‘आयपीकॉन्फिग’ लिहून एक जागा सोडून ‘स्लॅश रिन्यू’ दिलं, की नेट तिथल्या तिथे येतं. कायमचा उपाय म्हणजे राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी लहान डीसी यूपीएस. घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून घ्या. बारा व्होल्टच्या यंत्रांसाठी असलेला यूपीएस नऊ व्होल्टच्या डब्याला लावू नका.

लाईट गेलेली नसतानाही उशीर होत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं. कॉलेजांत आणि मोठ्या कार्यालयांत मॅनेज्ड स्विच, म्हणजे सेटिंग बदलता येणारे स्विच, असतात. नव्याने जोडलेल्या पोर्टवरून जाळ्यात फेरा तर तयार होत नाही ना, हे जुन्या पद्धतीचा स्विच पंधरा अधिक पंधरा सेकंद तपासतो आणि मगच वाट मोकळी करतो. चालू कॉम्प्युटरची केबल काढून लावा. दरवेळी अर्धा मिनिट जात असेल, तर स्विच सांभाळणाऱ्याला ते पोर्ट ‘एज’, म्हणजे न थांबता लगेच मोकळं होणारं, करायला सांगा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत वेगळंच आढळतं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका मशीनवर असतो आणि बाकीची मशीनं त्याच्या आधी चालू केली जातात. त्या मशीनवरच्या सामायिक ड्राइव्हवर लाल फुली दिसते आणि दोष नेटवर जातो. डेटा असलेलं मशीन आधी चालू केलं की प्रश्न मिटतो.

अजून एक चाचणी फार सोपी आहे. रीस्टार्ट केल्यावर नेट पटकन येतं आणि शटडाउन करून चालू केल्यावर अडतं, असं होतं का बघा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) या उचलण्यात नीट जागा होत नसेल, तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा ड्रायव्हर नवा घाला.

दुसरा बिघाड, म्हणजे लागलेलं नेट सावकाश चालणं, त्यात पत्ता बरोबर असतो, सहसा १९२.१६८ ने सुरू होणारा. कॉम्प्युटर उठताच विंडोज अपडेट, अँटिव्हायरस आणि वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह एकदम कामाला लागतात. आदल्या दिवशी स्कॅन केलेले कागद वर चढत (अपलोड होत) असतील, तर त्रास सर्वांत जास्त. वर जायची वाट भरली की खाली येणाऱ्या माहितीच्या पोचपावत्याही त्याच गर्दीत अडकतात आणि साधं पान उघडायलाही वेळ लागतो. टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडून नेटवर्कचा टॅब बघितला, की कोण किती ओढतंय ते नावानिशी दिसतं.

त्याच ठिकाणी डिस्कचा आकडाही बघा. जुनी फिरती हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली आणि नेटवर्क जवळपास शून्यावर, असं दिसलं तर दोष नेटचा नाहीच. ब्राउझरच डिस्कवरून उठत नाहीये. तिथे एसएसडीवर खर्च करावा, प्लॅनवर नाही.

दोन्ही बिघाड वेगळे काढायला कॉम्प्युटर उठताक्षणी काळी खिडकी उघडून राउटरला पिंग लावा (म्हणजे ‘आहेस का’ असा छोटा निरोप पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजा), शेवटी ‘हायफन टी’ जोडून, म्हणजे ते चालूच राहील. बऱ्याच राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. आधी बराच वेळ नुसत्या चुका आणि मग एकदम एक-दोन मिलिसेकंदांची उत्तरं येऊ लागली, तर जोडणी उशिरा होतेय. राउटरकडून पहिल्यापासून उत्तर येतंय, पण गूगलच्या ८.८.८.८ या बाहेरच्या सर्व्हरला पिंग केल्यावर आकडा वीसवरून तीनशे-चारशेवर उड्या मारतोय, तर गर्दी आहे. दोन्ही पिंग स्वच्छ, तरी साइट नावाने उघडायला वेळ लागतोय, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, तपासा. आधीच्या नेट कंपनीचा बंद पडलेला डीएनएस कार्डाच्या सेटिंगमध्ये तसाच राहिलेला असतो आणि प्रत्येक नावासाठी आधी त्याची वाट बघितली जाते.

घड्याळही बघून घ्या. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल, तर प्लग काढून ठेवलेला कॉम्प्युटर चुकीच्या तारखेने उठतो आणि सरकारी पोर्टलपासून बँकेपर्यंत सुरक्षित साइट उघडायला ब्राउझर नकार देतो. नेटवरून वेळ जुळली की सगळं सुरळीत होतं, म्हणून हाही नेटचाच दोष वाटतो.

लाईट आल्यानंतर दोन्ही बिघाड एकापाठोपाठ येतात. सगळी मशीनं उशिरा जोडली जातात आणि जोडल्याबरोबर सगळी अपडेट ओढू लागतात. आधी राउटरला यूपीएस लावा, कारण जोडणीची वेळ पक्की झाल्याशिवाय गर्दी किती आहे ते नीट मोजता येत नाही. मग विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांतल्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये जाऊन मागे चालणाऱ्या डाउनलोडला मर्यादा घाला, आणि वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं कागद चढवणं सकाळी थांबवून दुपारच्या जेवणाच्या वेळेत चालू करा.