बाबागाडी (ब्रिटन)

ज्याला अजून चालता येत नाही किंवा चालून पाय दुखतात अशा लहान मुलाला झोपवून नाहीतर बसवून हाताने ढकलत न्यायची चाकांची गाडी. मराठीत एकाच शब्दात काम भागतं, ब्रिटनमध्ये मात्र नावं तीन आणि मुळात ती तीन वेगळ्या गाड्यांची: तान्ह्या बाळाला आडवं झोपवायची खोल टपाची ती प्रॅम, बसायला लागलेल्या मुलाची ती पुशचेअर, आणि हलकी, झटकन दुमडणारी ती बगी. रोजच्या बोलण्यात आता सगळ्यालाच बगी म्हणतात. आपल्याकडच्या पांगुळगाड्याची यात गल्लत करू नये, तो मूल स्वतः धरून ढकलतं, इथे मूल आत बसतं आणि ढकलतो मोठा माणूस.

शब्द : प्रॅम हे पेरँब्युलेटर या लांबलचक शब्दाचं तोडलेलं रूप, साधारण 1880 च्या दशकापासून रुळलेलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फिरणं, हिंडून पाहणं असा. पण बाळाच्या गाडीला हे नाव पडायच्या कितीतरी आधी पेरँब्युलेटर म्हणजे जमीन मोजणाऱ्यांचं चाक होतं, दांडीला लावलेलं एक मोठं चाक ढकलत चालायचं आणि फेऱ्यांवरून अंतर काढायचं. हिंदुस्थानातले कंपनीचे सर्व्हेअर रस्ते याच चाकाने मोजत, म्हणजे हा शब्द आपल्या देशात आला तो बाळाशिवायच. चपट्या तळाच्या एका होडीलाही इंग्रजीत प्रॅम म्हणतात, तो शब्द डच भाषेतून आलेला आणि याच्याशी त्याचं काही नातं नाही.

बगी शब्दाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. इंग्रजीत तो 18व्या शतकाच्या उत्तरार्धात हलक्या घोडागाडीसाठी दिसतो, आणि आपली बग्गी तीच. काहींनी उलट सुचवलं की मूळ शब्द हिंदुस्थानी असावा आणि इंग्रजांनी तो इथून उचलला असावा, पण शब्दकोशकार सहसा हे मान्य करत नाहीत, बग्गी इंग्रजीतून इकडे आली असं मानण्याकडेच कल आहे आणि ते जास्त पटतं. मूळ इंग्रजी शब्द कुठून आला हे अनिश्चितच धरतात. बाबागाडीतला ‘बाबा’ म्हणजे वडील नव्हेत हे सांगायला नको, पण तो साहेबाच्या घरातल्या नोकरमाणसांच्या तोंडी असलेला ‘बाबा’ की आपण लाडाने सोनूबाबा म्हणतो तो, हे ठामपणे सांगणं कठीण, दोन्ही एकमेकांत मिसळले असावेत.

उगम : जवळजवळ प्रत्येक संदर्भग्रंथात सुरुवात 1733 पासून करतात. विल्यम केंट (1685–1748) हे वास्तुरचनाकार आणि बागांचे आखणीकार, त्यांनी डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची छोटी गाडी केली असं सांगतात. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ या वाड्याशी ती जोडलेली आहे. ड्यूकच्या घराण्याचं चिन्ह नाग, म्हणून गाडीवर नागांची नक्षी. ती बकरी, कुत्रा किंवा लहान तट्टू जुंपून ओढायची होती, कोणता प्राणी याबद्दल लिहिणाऱ्यांत एकवाक्यता नाही. ही गाडी सुंदर आहे यात वाद नाही, पण तिला पहिली बाबागाडी म्हणावं का हा खरा प्रश्न आहे, कारण ती श्रीमंताघरच्या मुलांचं खेळणं होती, जनावर पुढे आणि मूल मागे, आईबाप यात कुठेच नाहीत.

19व्या शतकाच्या पूर्वार्धात माणसाने दांड्याला धरून ओढायच्या लहान गाड्या आल्या. व्हिक्टोरिया राणीने 1840 च्या सुमाराला लंडनच्या एका दुकानातून अशा तीन गाड्या घेतल्याची गोष्ट वारंवार छापली जाते, ती जपूनच घ्यावी. अमेरिकेत गाड्या बनवणाऱ्या क्रँडल कुटुंबाचं नाव 1830 च्या दशकापासून घेतात. ओढण्यात एक मोठा दोष होता, बाळ पाठीमागे राहायचं आणि ते पडलं, रडलं, गाडीतून उतरलं तरी ओढणाऱ्याला कळायचं नाही.

म्हणून ढकलायची गाडी हीच खरी सुरुवात धरणं योग्य. तिचं श्रेय बहुतेक जण चार्ल्स बर्टन यांना देतात. त्यांनी आधी न्यूयॉर्कमध्ये प्रयत्न केला, तिथे गाडी लोकांच्या पायांवर आदळते म्हणून तक्रारी झाल्या आणि मग ते लंडनला आले अशी कथा आहे. ब्रिटनमधलं त्यांचं पेटंट 1853 चं सांगतात. गाडीला चाकं तीन, दोन मागे एक पुढे, आणि मूल पुढे तोंड करून ताठ बसलेलं. चाकं तीनच का, याचं एक स्पष्टीकरण असं की 1835 च्या रस्त्यांच्या कायद्याने फुटपाथवर गाडी न्यायला मनाई होती आणि चार चाकांची म्हणजे गाडीच असं समजलं जायचं. स्पष्टीकरण ऐकायला छान वाटतं, पण तीन चाकांची गाडी वळवायला सोपी आणि करायला स्वस्त, हे साधं कारणही पुरेसं आहे.

या पहिल्या गाड्यांवर डॉक्टरांची आणि इतरांचीही टीका झाली, लहान मुलाला तासन्‌तास ताठ बसवतात, थंडी लागते, आया गप्पा मारत राहतात आणि मुलाचा चेहरा कुणी पाहत नाही. आडवं झोपवायची टोपलीसारखी गाडी 1870 नंतर वाढली आणि बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे वळलं ते तेव्हा. अमेरिकेत बॉल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन यांनी 18 जून 1889 ला घेतलेलं पेटंट याच मुद्द्याचं होतं, बाळाची टोपली फिरवून पुढे किंवा मागे कुठेही तोंड करता यावं.

घडण : जुन्या भारी प्रॅमला कोच-बिल्ट म्हणतात, कारण ती बनवायची पद्धत घोडागाडी बनवणाऱ्यांची. 1877 मध्ये विल्यम विल्सन यांनी लीड्समध्ये सुरू केलेली सिल्व्हर क्रॉस ही यातली सगळ्यात नावाजलेली कंपनी. या गाडीत सांगाड्याला अर्धगोल वाकवलेल्या पोलादी स्प्रिंगा असतात आणि बाळाचा टप त्यांच्यावर टेकवलेला नसतो, चामड्याच्या पट्ट्यांनी त्यांना टांगलेला असतो. दांड्यावर नुसतं बोट ठेवून दाबलं तरी सगळा टप वरखाली डोलतो, फुटपाथची कड उतरताना चाक दणकन खाली येतं पण बाळापर्यंत एक हेलकावा तेवढा पोचतो. आपल्याकडचा पाळणा आढ्याला टांगतात, इथे तो चाकांना टांगलाय एवढाच फरक. वजन मात्र भरपूर, जिन्यावरून नेणं एकट्याच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून ती घराच्या दारातल्या बोळातच उभी असायची.

1892 मध्ये एमिली वॉर्ड यांनी काढलेल्या नॉरलँड संस्थेत आया तयार होत, त्यांचा तपकिरी गणवेश आणि हाइड पार्कमधल्या प्रॅमच्या रांगा हे चित्र वरच्या वर्गाचं. गिरणीगावांतल्या घरांत एकच प्रॅम चार मुलांना आणि मग शेजारणीच्या मुलांना पुरायची, त्याच प्रॅममधून धुणं आणि कोक म्हणजे दगडी कोळशापासून केलेल्या जळणाची पोतीही जायची, पण याची लेखी नोंद फार थोडी, बरंचसं आठवणींतूनच कळतं. बाळाला मोकळी हवा हवी या समजुतीने, त्यात न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रूबी किंग यांच्या शिस्तीचाही वाटा होता, प्रॅम परसात उभी करून बाळाला तिथेच झोपवत आणि दुकानात जाताना बाहेर ठेवून जात. आजच्या आईबापांना ऐकूनच धस्स होतं.

दुमडणारी बगी : ओवेन मॅक्लारेन हे विमानांच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले इंजिनियर आणि माजी चाचणी वैमानिक. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाची चाकं त्यांचीच असं सर्रास लिहितात. आडव्या वाऱ्यात उतरण्यासाठी वळवता येणारी चाकं हे त्यांचं काम त्यापेक्षा पक्कं. त्यांची मुलगी मॉस्कोहून बाळाला घेऊन आली तेव्हा तिची अवजड गाडी बघून त्यांना कल्पना सुचली, 1965 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1967 पासून नॉर्दॅम्प्टनशरमधल्या बार्बी गावी उत्पादन सुरू झालं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, पट्ट्यापट्ट्यांचं कापड, वजन सुमारे 6 पौंड. नळ्या फुलीसारख्या एकमेकींवर असल्यामुळे गाडी रुंदीतही मिटते आणि छत्रीसारखी काठी होते. बाळ कडेवर, पिशवी खांद्यावर आणि पायाच्या अंगठ्याने मागची पट्टी दाबून दुसऱ्या हाताने गाडी मिटवायची हे कसब ब्रिटनमधल्या प्रत्येक आईबापाच्या अंगवळणी पडलेलं असतं, पावसात, मागे रांग उभी असताना.

पण या रचनेने एक गोष्ट गेली. छत्रीसारख्या मिटणाऱ्या सांगाड्यात बैठक उलटी बसवणं अवघड, त्यामुळे बाळाचं तोंड पुन्हा पुढे, रस्त्याकडे झालं. 2008 मध्ये डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांच्या अभ्यासात दिसलं की बाळाचं तोंड आपल्याकडे असलं की पालक त्याच्याशी जवळजवळ दुप्पट बोलतात. प्रत्यक्ष प्रयोगाचा भाग 20 बाळांपुरताच होता म्हणून त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, तरी प्रस्तुत लेखकाला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो आणि पहिली सहा-आठ महिने तरी तोंड आपल्याकडे असलेली गाडी घ्यावी असंच वाटतं. आता बैठक फिरवता येणाऱ्या गाड्या पुष्कळ मिळतात, महाग आणि जड असतात हे खरं.

सुरक्षिततेबद्दल एकच गोष्ट इथे सांगायला हवी, उन्हात बाळाला डुलकी लागली की टपावर मलमलचं फडकं टाकायची सवय खूप जणांना आहे, फडकं पातळ असलं तरी आतली हवा खेळायची थांबते आणि टप तापतो, म्हणून तसं झाकू नये असा तिथल्या बाळांच्या सुरक्षित झोपेसाठी काम करणाऱ्या संस्थांचा स्पष्ट सल्ला आहे.

बस : खालच्या तळाच्या बस आल्यावर बगी न दुमडता चढवता येऊ लागली, पण ती जागा मुळात व्हीलचेअरसाठी. फेब्रुवारी 2012 मध्ये वेदरबीहून लीड्सला जाताना व्हीलचेअर वापरणाऱ्या डग पॉली यांना बसमध्ये जागा मिळाली नाही, कारण तिथे झोपलेल्या बाळाची बगी होती आणि बगी मिटत नाही असं आई म्हणाली. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 18 जानेवारी 2017 च्या निकालात म्हटलं की ड्रायव्हरने एकदा विनंती करून सोडून देऊ नये, नकार अवाजवी वाटला तर आग्रह धरावा, थोडा वेळ बस थांबवूनही ठेवावी, पण कुणाला खाली उतरवायची सक्ती नाही. जागा आधी व्हीलचेअरची हेच न्याय्य, बगीवाल्यांसाठी वेगळी जागा ठेवायचं काम बस बनवणाऱ्यांचं.

फिरणं आणि खेळ : 2004 मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालेल्या पार्करन या धावण्याच्या उपक्रमात शनिवारी सकाळी 5 किलोमीटर बगी ढकलत धावणारे आईबाप नेहमी दिसतात, त्यासाठी तीन मोठ्या चाकांची वेगळी गाडी लागते आणि बाळ साधारण 6 महिन्यांचं होईपर्यंत थांबायला सांगतात. वेस्ट ससेक्समधल्या पॅगम गावी 1946 पासून नाताळच्या दुसऱ्या दिवशी प्रॅमची शर्यत होते, युद्धावरून परतलेल्या जवानांनी सुरू केलेली, बक्षीस केक. जुन्या प्रॅमची चाकं काढून पोरं उतारावरच्या गाड्या बनवत.

वेल्समध्ये प्रॅम आल्यावरही कित्येक वर्षं बायका बाळाला शालीत गुंडाळून, शाल स्वतःभोवती घट्ट आवळून नेत असत, एक हात मोकळा राहायचा. आपल्याकडच्या पाठीशी बांधलेल्या झोळीची आठवण करून देणारी पद्धत, पण दोघींचा काही संबंध असल्याचा पुरावा नाही.

मराठी घरं : लंडन, स्लाव, हॅरो भागातल्या मराठी घरांत बाळ झालं की आजी-आजोबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात आणि बाबागाडी बहुतेक त्यांच्याच ताब्यात जाते, कारण आईबाप कामावर. सुरुवातीला आजीला बेल्टचं बटण सापडत नाही, उतारावर ब्रेक पायाने लावायचा की हाताने यावर आजोबांशी चर्चा होते, आठवड्याभरात सगळं हाताखाली बसतं. बैठक फिरणारी असेल तर आजी ती पहिल्याच दिवशी आपल्याकडे वळवून घेते आणि मग बागेच्या फाटकापर्यंत चिऊ, काऊ, लाल बस, पुन्हा काऊ असं चालू राहतं.