अमाइन शोषण स्तंभ

वायूत मिसळलेले कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे आम्लधर्मी घटक अमाइनच्या (अमोनियापासून बनणाऱ्या, आम्लाशी बांधल्या जाणाऱ्या सेंद्रिय रसायनाच्या) द्रावणाने धुऊन काढणारा उभा स्तंभ. या पद्धतीचे अमेरिकन पेटंट आर. आर. बॉटम्स यांना १९३० मध्ये मिळाले. तेलशुद्धीकरण आणि नैसर्गिक वायूच्या उद्योगात ती रुजली. कोल्हापूरसारख्या ऊसपट्ट्यात तिचा संबंध येतो तो प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि स्पेंटवॉश (आसवनीतील सांडपाणी) यांपासून मिळणाऱ्या बायोगॅसशी. या वायूत मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असतो, उरलेला बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइडचा. वाहनांत भरण्याजोग्या बायोगॅससाठी भारतीय मानक (आयएस १६०८७ : २०१६) किमान ९० टक्के मिथेन मागते.

वायू तळातून वर चढतो आणि द्रावण माथ्यावरून पॅकिंग (वायू व द्रावणाचा संपर्क वाढवणारे भरण) किंवा ट्रेवरून खाली उतरते. आम्ल वायू द्रावणात बांधला जातो, मिथेन जवळजवळ तसाच वर निघून जातो. भरलेले (रिच) द्रावण दुसऱ्या स्तंभात ११० ते १२० अंश सेल्सियसला तापवले की वायू सुटतो. रिकामे (लीन) द्रावण थंड करून पुन्हा पहिल्या स्तंभाच्या माथ्यावर सोडतात. बंध रासायनिक असल्याने कमी दाबाच्या वायूलाही ही पद्धत चालते. पाण्याने धुण्याच्या पद्धतीत मात्र वायू आधी बराच दाबावा लागतो.

आराखड्याची सुरुवात द्रावणाच्या हिशेबाने होते. तासाला १,००० घनमीटर वायूत ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असेल, तर तो सुमारे १७.९ किलोमोल (मोल हे रेणूंच्या संख्येचे माप) होतो. मोनोइथॅनॉलअमाइन या अमाइनच्या दर मोलमागे ०.३ मोल कार्बन डायऑक्साइड उचलायचे ठरवले, तर २० टक्के द्रावण तासाला सुमारे १८ घनमीटर फिरवावे लागते. दर मोलमागे जास्त वायूचा भार लादून पंप लहान करण्याचा मोह टाळावा, कारण भरलेले गरम द्रावण साधे पोलाद खाते. स्तंभाचा व्यास वायूच्या प्रवाहावरून ठरतो. द्रावण फेसाळणारे असल्याने पूर येण्याच्या (वायूच्या जोराने द्रावण खाली न उतरता साचण्याच्या) मर्यादेपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर राखतात. शोषणात उष्णता बाहेर पडते आणि स्तंभाच्या मधल्या भागात तापमानाचा फुगवटा येतो, म्हणून तापमापक फक्त तळाला आणि माथ्याला बसवून भागत नाही.

चालवताना सर्वांत छळतो तो फेस. स्तंभाच्या तळ-माथ्यातील दाबाचा फरक अचानक चढउतार करू लागला आणि शुद्ध वायूबरोबर द्रावण उडू लागले, की फेस झाला असे समजावे. गुऱ्हाळात काहिलीतला रस उतू जाऊ लागला की गुळव्या तेलाचे चार थेंब टाकतो आणि फेस बसतो. अमाइनमध्ये उलटे घडते : कॉम्प्रेसरमधून आलेले वंगणतेल आणि गंजाचे बारीक कण हेच फेस धरून ठेवतात. फेसरोधक टाकून वेळ निभावते, पण जास्त झाले तर तेही त्रासदायक ठरते. खरा उपाय म्हणजे आत येणारा वायू नीट गाळणे आणि फिरत्या द्रावणाचा काही भाग सतत फिल्टर व कोळशातून नेणे. गंधक काढण्यासाठी बायोगॅसमध्ये हवा सोडली असेल तर तिच्यातील ऑक्सिजन अमाइन बिघडवतो. त्यातून होणारी आम्ले असे क्षार बनवतात की ते उष्णतेने सुटत नाहीत, आणि गंज वाढतो. स्पेंटवॉशच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड जास्त असते. ते आधीच्या टप्प्यात वेगळे काढावे, नाहीतर ते दुसऱ्या स्तंभाच्या माथ्यावरून कार्बन डायऑक्साइडबरोबर बाहेर पडते. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असले तर नाक बधिर करते, त्यामुळे वासावर विसंबून टाकीत उतरणे जिवावर बेतते.

खर्चाचा मोठा वाटा वाफेचा असतो. दर घनमीटर द्रावणामागे साधारण १२० किलो वाफ धरली, तर वरच्या उदाहरणात तासाला दोन टनांहून अधिक लागते. इथे साखर कारखान्याची बाजू भक्कम ठरते. टर्बाइनमधून निघणारी, सुमारे १.५ किलो दाबाची वाफ १२७ अंशांच्या आसपास असते आणि रीबॉयलरला (दुसऱ्या स्तंभातील द्रावण वाफेने तापवणाऱ्या उपकरणाला) नेमकी हीच पातळी हवी असते. यापेक्षा फार गरम वाफ दिली तर नळ्यांच्या पृष्ठभागावर अमाइनचे विघटन होते. तापमानातील फरक थोडा असल्याने रीबॉयलरचे क्षेत्रफळ मात्र मोठे घ्यावे लागते. गळीत हंगाम संपला की ही वाफ थांबते, आणि साठवलेल्या प्रेसमडवर पावसाळ्यातही वायू बनवायचा तर बगॅस (उसाचा चोथा) राखून ठेवून छोटा बॉयलर वेगळा चालवावा लागतो.