साथ ओसरल्यावरचे आजारपण : मुंबईतील वंचित मुलांच्या आरोग्याची पार्श्वभूमी

२०२२ च्या ऑक्टोबरात गोवंडीच्या रफीनगर परिसरात गोवराने बालके दगावू लागली, तेव्हा करोनाचे निर्बंध उठून बरेच महिने लोटले होते. आरोग्य सेविकांनी घरोघरी पाहणी सुरू केली, तसतशी नवव्या आणि सोळाव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस चुकलेली मुले सापडत गेली. टाळेबंदीत काही कुटुंबे गावी गेली होती, काहींनी संसर्गाच्या धास्तीने दवाखान्याची पायरी चढायचे टाळले होते, आणि एरवी बाळांच्या लसीची आठवण करून देणाऱ्या सेविका करोनाच्या कामाला जुंपल्या गेल्या होत्या. लसीविषयीची नाखुशी या वस्त्यांत आधीपासून होती हेही नाकारता येत नाही; पण दोन वर्षे खंडित झालेल्या पाठपुराव्याने तिला मोकळे रान मिळाले. शेवटी सहा ते नऊ महिन्यांच्या अर्भकांना ‘शून्य मात्रा’ (नेहमीच्या वेळापत्रकाआधीची मात्रा) आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना जादा मात्रा देण्याची मोहीम महापालिकेला उघडावी लागली.

साथीचा हिशेब आपण जंतूच्या नावाने मांडतो आणि म्हणूनच त्यात मुले फारशी दिसत नाहीत. एप्रिल ते जून २०२१ या काळात महापालिकेने अठरा वर्षांखालील मुलांच्या रक्तनमुन्यांची तपासणी केली, तेव्हा ५१ टक्क्यांहून अधिक मुलांमध्ये करोनाची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे निम्म्या मुलांच्या शरीरात विषाणू येऊन गेला होता आणि बहुतेकांना त्याने फारसे आजारी पाडले नव्हते. त्यांचे नुकसान झाले ते भोवतालची घडी विस्कटल्यामुळे. सव्वाशे वर्षांत या शहरात आलेल्या मोठ्या साथींकडे याच अंगाने पाहावे लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गावाकडे निघून गेले. १८९७ चा साथरोग कायदा त्याच घबराटीतून आला. त्याने अधिकाऱ्यांना झडतीचे, घर रिकामे करण्याचे, रुग्णाला उचलून नेण्याचे अधिकार दिले. मुलांचा वेगळा विचार त्यात नव्हता. त्याची परिणती काय झाली, हे ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात दिसले. प्लेगची तपासणी तुकडी एका विणकर कुटुंबातल्या बारा वर्षांच्या आजारी मुलीला न्यायला आली. पुरुष डॉक्टरने तिला तपासू नये म्हणून घरच्यांनी विरोध केला आणि त्यातून दंगल पेटली. त्या दंगलीच्या हकिकती अनेक आहेत. मात्र मुलगी त्यांत केवळ निमित्तापुरती येते. याच कायद्याचा आधार घेऊन १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात करोनाविषयीचे निर्बंध लागू झाले.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा जूनमध्ये गोदीमार्गे शहरात शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्या लाटेत भयंकर झाला. त्याच वर्षी पाऊस हुकला होता आणि धान्य महागले होते. या साथीचे वैशिष्ट्य असे की तिने वीस ते चाळीस या वयोगटावर सर्वाधिक घाला घातला आणि त्यातही पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. गिरणगावातल्या एकखणी बिऱ्हाडात आई गेली की अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तुटत असे, आणि बाजारचे दूध महाग व भेसळीचे होते. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी औषधपाणी पोहोचवले, पण मागे उरलेल्या मुलांसाठी शहराकडे कायमची म्हणावी अशी व्यवस्था नव्हती.

पुढच्या दोन-तीन वर्षांतले आकडे आजही अस्वस्थ करतात. १९२१ मध्ये मुंबईचा अर्भक मृत्युदर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर नोंदला गेला. बाळंतपणे गावी होत आणि जन्म नोंदणीतून निसटत, म्हणून हा आकडा फुगलेला होता, हे अभ्यासक सांगतात आणि ते खरेच आहे. पण फुगवटा वजा केला तरी जे उरते ते पुरेसे भीषण आहे. त्याच सुमारास गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा कामावर जाताना तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी देऊन निजवण्याची रीत सर्रास आढळली. दिवसभर ते बाळ खोलीत गुंगीत पडून राही. बाळ सांभाळायला दुसरे कोणी नाही आणि रजा घेतली तर मजुरी नाही, अशा पेचात आईने काढलेला हा मार्ग होता. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा या पाहण्यांच्या पाठोपाठ आला. निराधार मुलांसाठी १९२४ चा मुंबई बालक अधिनियम आणि १९२७ ची चिल्ड्रेन्स एड सोसायटी याच दशकातली. बालकांसाठीचे वाडिया रुग्णालयही त्याच दशकाअखेरीचे. अंगणवाड्या १९७५ नंतर आल्या, तर संकटातल्या मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये याच शहरात सुरू झाली.

२०२० मध्ये बंद पडली ती नेमकी ही जाळी. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात तळाला असलेला, गोवंडी ज्यात येते तो एम पूर्व विभाग घ्या. तिथल्या मुलाला दिवसातले एक भरवशाचे जेवण अंगणवाडीत किंवा शाळेत खिचडीच्या रूपाने मिळत असे. त्याऐवजी गहू, हरभरा, मसूर डाळ, तिखट, हळद, मीठ असा कोरडा शिधा घरी आला. कागदोपत्री लाभार्थी तोच राहिला. पण ज्या घरात नाक्यावरचे काम थांबले आहे, तिथे एका मुलाच्या नावाची डाळ सगळ्यांच्या पातेल्यात जाणार हे उघड होते. वजन-उंची आणि दंडघेर मोजणे थांबल्यामुळे कोणते मूल तीव्र कुपोषणाकडे घसरते आहे, हे वेळेवर कळण्याची सोयही गेली. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीत दिवसभर सहा-सात माणसे आणि एकच मोबाइल असताना मोठ्या मुलाचा अभ्यास, लहानाची झोप आणि बापाची चिडचिड यांची वाटणी कशी होते, ते वेगळे सांगायला नको. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मुंबईतले मूल वर्गात पहिल्यांदा बसले ते १५ डिसेंबर २०२१ रोजी, दुसरीत असताना. आणि जानेवारीत पुन्हा काही आठवडे घरी.

पालक गमावलेल्या मुलांची दखल या वेळी मात्र लवकर घेतली गेली, आणि १९१८ शी तुलना करता हा फरक मोठा आहे. बालगृहांतल्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०२० रोजीच निर्देश दिले. मे २०२१ मध्ये केंद्राने आणि जूनमध्ये राज्याने अनाथ मुलांसाठी मदत जाहीर केली. राज्याची मदत पाच लाखांच्या मुदत ठेवीची होती. तिची अट दोन्ही पालक गमावल्याची होती. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या जानेवारी २०२२ मधील माहितीनुसार, एप्रिल २०२० पासून कोणत्याही कारणाने दोन्ही पालक गमावलेली मुले देशभरात दहा हजारांच्या आसपास, तर एक पालक गमावलेली १ लाख ३६ हजारांहून अधिक होती. कमावता बाप गेलेल्या राज्यातल्या घरांतली अशी मोठी संख्या ठेवीच्या योजनेबाहेर राहिली आणि तिच्या वाट्याला आली ती आधीपासूनची बाल संगोपन योजना, जिचे दरमहा अनुदान पुढे २,२५० रुपयांपर्यंत वाढवण्यात आले.