ऊनोपिडी कुल : पाचोळ्यातले बारके कोळी

ऊनोपिडी हे कोळ्यांचं एक कुल, इंग्रजीत यांना गॉब्लिन स्पायडर म्हणतात. बहुतेक जाती 1 ते 3 मिमीच्या, पूर्ण वाढ झालेला कोळी तिळाएवढा, त्यामुळे यावल अभयारण्यात किंवा तोरणमाळच्या उतारावर सागाचा पाचोळा तुडवत जाताना असं काही पायाखाली असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. डोळे सहसा सहा आणि एकमेकांना खेटून, गुहेतल्या काही जातींना तर डोळेच नाहीत. शिकारीसाठी जाळं विणत नाहीत, पाचोळ्यात फिरून स्प्रिंगटेलसारखे बारके जीव पकडतात. अंडी एका खेपेला मोजकीच. आज 1800 च्या वर जाती आणि 110 हून जास्त प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट, इंग्रजीत जीनस) धरल्या जातात.

कुल 1890 साली फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमों यांनी मांडलं, पण ऊनोप्स ही प्रजाती त्याच्या आधीची, टेम्पलटन यांची, 1835 ची. घोळ आहे तो उपकुलांचा. सिमों यांनी मऊ पोटाचे आणि कवचवाले अशी वाटणी केली, 1923 मध्ये पेत्रुंकेविच यांनी कवचवाल्यांना गॅमासोमॉर्फिनी हे उपकुल दिलं आणि पुढची बरीच दशकं तेच चाललं. बघायला सोपं होतं, उदराच्या वर-खाली तांबूस टणक पत्रे दिसले की कवचवाला, नाहीतर मऊ. पण इश्नोथायरियस प्रजातीत नराच्या पाठीवरचा पत्रा मोठा आणि मादीचा अगदी अरुंद, मग एकाच जातीतला नर एकीकडे आणि मादी दुसरीकडे टाकायची का? कवच वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आलं किंवा गेलं असावं असं आता बहुतेक जण मानतात.

2006 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतून नॉर्मन प्लॅटनिक यांच्या पुढाकाराने या एकाच कुलावर जगभरचे अभ्यासक कामाला लागले. तेव्हा माहीत असलेल्या जाती साडेचारशेच्या आसपास होत्या, म्हणजे आताचा मोठा आकडा बराचसा त्या कामाचा. 2012 मध्ये प्लॅटनिक आणि सहकाऱ्यांनी कवच सोडून टार्सल ऑर्गन धरला. पायाच्या टोकाशी असलेलं हे बारकं ज्ञानेंद्रिय, नीट बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. जुन्या शाखांत त्यावरचे उंचवटे पुढच्या दोन जोड्यांच्या पायांवर चार-चार आणि मागच्या दोन जोड्यांवर तीन-तीन, तर बाकी मोठ्या गटात एकेक कमी होऊन तीन-तीन, दोन-दोन. त्यावरून सल्सुलिनी, ऑर्केस्टिनिनी आणि ऊनोपिनी अशी तीन उपकुलं झाली, गॅमासोमॉर्फिनी ऊनोपिनीत विरघळलं. ही मांडणी जास्त पटते, कारण पायाचं हे लक्षण नर-मादीत बदलत नाही.

शेजारी कुलं म्हणजे डिस्डेरिडी, सेजेस्ट्रिडी आणि ऑर्सोलोबिडी. फुप्फुसांच्या लगेच मागे श्वासछिद्रांची जोडी ही या सगळ्यांची खूण. ऑर्सोलोबिडीतल्या काही प्रजाती एकेकाळी ऊनोपिडीतच मोजायचे, 1985 मध्ये फोर्स्टर आणि प्लॅटनिक यांनी ती सीमा नीट आखली. वय सांगताना जपून बोलावं लागतं, पण ऑर्केस्टिना प्रजातीचे कोळी क्रिटेशियस म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या अंबरमध्ये (झाडाच्या दगड झालेल्या राळेत) सापडलेत, तेव्हा सुमारे 10 कोटी वर्षं तरी मागे जावं लागेल. ऑर्केस्टिनाच्या मागच्या पायांच्या मांड्या फुगीर असतात आणि धक्का लागला की तो टुणकन उडतो.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर टिकादर आणि मल्होत्रा यांनी 1974 मध्ये ट्रायेरिस प्रजातीत पुणे आणि नागपूर या गावांच्या नावाने जाती वर्णन केल्या. याच प्रजातीतली ट्रायेरिस स्टेनास्पिस कुंड्यांच्या मातीतून जगभर पोचली, तिच्यात फक्त माद्याच, नराशिवाय पिढी चालते.

खानदेशात शोधायचं तर पावसाळ्यात किंवा लगेच नंतर, ओल असताना, साग-अंजनाखालचा कुजका थर जाड चाळणीतून पांढऱ्या कापडावर चाळायचा आणि दोन-तीन मिनिटं काही न करता बघत बसायचं, हललेला पिवळसर-केशरी ठिपका ब्रशने उचलून 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाकायचा. पूर्ण वाढलेला नर मिळाला तरच जातीपर्यंत पोचायची आशा, कारण ओळख पॅल्पवरून, म्हणजे तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवावरून होते. सातपुड्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, पावरा-भिल्ल घरांचं पोट त्यावर आहे हे खरं, पण त्या आगीत हा सगळा थरच जातो; पाचोळा झाडून बाजूला सारला किंवा झाडाखाली जाळी अंथरली तरी फुलं तेवढीच मिळतात.