सीपीयू तापलाय, पण विंडोजमुळे की आत मायनर बसलाय?

पीसी चालू ठेवून जेवायला गेलात, परत आलात तर पंखा जोरात घोंघावतोय. अशा वेळी बहुतेकदा दोनातलं एक असतं, एकतर विंडोज स्वतःची कामं उरकतंय, म्हणजे अपडेट, डिफेंडरचं (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं) स्कॅन, सर्च इंडेक्सिंग (फाइली पटकन सापडाव्यात म्हणून त्यांची यादी करणं) वगैरे, नाहीतर कोणीतरी मायनर नावाचा प्रोग्राम आत लपवून तुमच्या वीजबिलावर स्वतःसाठी मोनेरो हे क्रिप्टो चलन काढतंय. यात गल्लत होते कारण दोघंही तुम्ही जागेवरून उठायचीच वाट बघत असतात.

माझ्या मामेभावाचं तेच झालं. टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम किती सीपीयू खातोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला की त्याला डिफेंडरची अँटीमालवेअर सर्व्हिस वर दिसायची, म्हणून त्याने डिफेंडर बंद केला, अपडेट बंद केले, आणि पंखा तसाच. खरा चोर टास्क मॅनेजर उघडताक्षणी गप्प बसायचा आणि जो उघड काम करत होता त्याच्यावर आळ यायचा, वर राखणदारच घालवल्यामुळे चोराला रान मोकळं झालं ते वेगळंच. २०२४ च्या ३१ डिसेंबरला कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीला जी स्टॅरीडोब्री नावाची मोहीम सापडली, त्यात क्रॅक (म्हणजे चोरीच्या फुकट) गेमच्या इन्स्टॉलरमधून आलेला मायनर नेमकं हेच करायचा, टास्क मॅनेजर चालू दिसला की स्वतः बंद.

पण इथे एक घोळ आहे. टास्क मॅनेजर उघडताना क्षणभर सीपीयू वर जातो आणि लगेच खाली येतो, हे अगदी स्वच्छ पीसीवरही होतं, कारण तो टास्क मॅनेजरचाच भार असतो. तेवढ्यावरून व्हायरस आहे म्हणून घाबरू नका. तो उघडा ठेवला की पंखा शांत, बंद केला की पाच मिनिटांत परत सुरू, आणि असं चार वेळा झालं, तर मात्र संशय घ्या. खात्री करायची तर विंडोजमध्येच असलेल्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डेटा कलेक्टर सेट, म्हणजे मागे आपोआप नोंद करत राहणारी सोय, लावा, खिडकी बंद करा, तासाभराने नोंद बघा. म्हणजे न बघता बघितल्यासारखं होतं.

त्या नोंदीत फरक बऱ्यापैकी दिसतो. विंडोजचं काम चढउताराचं असतं, डिस्कही सोबत धावते, आणि तुम्ही माउस हलवला की इंडेक्सिंगसारखी कामं आवरती घेतात. मायनरची रेघ मात्र सपाट असते, मग ती ९५ टक्क्यांवर असो की लपायला मुद्दाम ५० वर ठेवलेली, आणि डिस्क जवळजवळ झोपलेली. मोनेरोने नोव्हेंबर २०१९ मध्ये नाणी काढायची रँडमएक्स ही पद्धत घेतली, ती साध्या सीपीयूलाच सोयीची आहे म्हणून घरचे पीसी मायनर घुसवणाऱ्यांना आवडतात, पण तिला पूर्ण वेगाने चालायला २ जीबीच्या वर रॅम लागते. डिस्क शांत, सीपीयू सपाट आणि एकच प्रोसेस २ जीबी धरून बसलेली, हे तिन्ही एकत्र दिसलं तर मला फार शंका उरत नाही.

नावावर अजिबात जाऊ नका. एसव्हीसीहोस्ट (svchost) नावाच्या, विंडोजच्या अंतर्गत सेवा चालवणाऱ्या डझनावारी प्रोसेस प्रत्येक विंडोजमध्ये असतात आणि मायनरही तेच नाव घेतो. मायक्रोसॉफ्टचा फुकट मिळणारा प्रोसेस एक्सप्लोरर अॅडमिन म्हणून उघडा आणि दोन गोष्टी बघा, फाइल कुठे आहे आणि तिला सुरू कोणी केलं. खरी विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये असते, तिला सर्व्हिसेस (services.exe) ही प्रोसेस सुरू करते आणि कमांड लाइनमध्ये, म्हणजे ती सुरू करताना दिलेल्या आज्ञेत, डॅश के (-k) असतं. अॅपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधून चालणारी खोटीच. काही मायनर खऱ्या फाइलच्या पोटात शिरतात तेव्हा पत्ता बरोबर दिसतो, पण सुरू करणारी प्रोसेस भलतीच निघते, म्हणून हे दुसरं बघणं जास्त महत्त्वाचं. (सिस्टम आयडल प्रोसेस ९५ टक्के दिसली तर काही नाही, तो रिकामा वेळ आहे.)

आणि डिफेंडरच्या सेटिंगमधली एक्सक्लूजनची यादी, म्हणजे त्याने काय तपासायचं नाही त्याची यादी, बघाच बघा, हे लोक विसरतात. मामेभावाच्या पीसीवर तिथे अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला होता, त्याने स्वतः कधी ते पान उघडलंही नव्हतं.

विंडोजचंच काम निघालं तर रात्रभर चालू ठेवून ते पूर्ण होऊ द्या. मायनर निघाला तर आधी नेट काढा, एक्सक्लूजन उडवा, टास्क शेड्युलरमधली (ठरल्या वेळी आपोआप सुरू होणाऱ्या कामांच्या यादीतली) अनोळखी कामं तपासा आणि डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा, साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज क्रॅकची असेल तर सरळ फॉरमॅट करून नवी टाका. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मोबाइलवरून बदला, कारण ज्या वाटेने मायनर आत आला त्याच वाटेने पासवर्ड चोरणाराही बऱ्याचदा आलेला असतो, आणि त्याचा पंखा वाजत नाही.